अन्सेल्मोच्या नावाचा पाव

ला पास,
२४ ऑक्टोबर १९६९

ती. नेमेसियाताईस,

धाकट्या कासिल्दाचा सा. न. वि. वि. आईच्या हातांचा माझ्या वतीनं पापा घे. मिरचीनं ओठ पोळले तरी घे.

पोचले. दोन दिवस बसमध्ये बसून पाय माझे राहिले नव्हते, पण पोचले. चौतीस वर्षांची झाले तरी सुक्रेच्या पलीकडे एकटी कधी गेले नव्हते. आता साऱ्या पादियाला सांग, की कासिल्दा हरवली नाही. इथं तीन पायऱ्या चढल्या की दम लागतो आणि कपाळात कुणी खिळा ठोकतंय असं वाटतं. घरमालकीण पास्कुआलाबाई मला कोकाच्या पानांचा चहा पाजत म्हणाली, की तुम्ही खोऱ्यातल्या बायका इथं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडल्यासारख्या चालता आणि मग आडव्या होता. बस जरा, शहर कुठं पळून जात नाही.

गावाला सांगून आले तेच करतेय, शहर बघतेय. आपल्या भावाची, अन्सेल्मोची, पाचही कार्डं पिशवीत आहेत. आली त्या क्रमानं एकेक ठिकाण बघायचं आणि तिथं त्याचा फोटो दाखवायचा, असं ठरवलंय. पहिल्या कार्डावरच्या सान फ्रान्सिस्कोच्या देवळात गेले. त्यानं लिहिलं होतं तसा दारावर दगडाचा चेहरा आहे, आणि खरंच तो आपल्या रेमेदियोसमावशीसारखा रागावलेला आहे. मी एकटीच हसले. दुसरं कार्ड जडीबुटीच्या बाजाराचं. तिथं लामाची वाळवलेली पिल्लं टांगलेली असतात, ती घराच्या पायात पुरतात. विकणारी बाई मागेच लागली, की एक ने, घर उभं राहील. मी म्हटलं, मला घर बांधायचं नाही. तर म्हणाली, मग नवऱ्यासाठी ने, तोही उभा राहील. फोटो बघून मात्र मान हलवली. तिसऱ्या कार्डावरच्या पुलावर आणि चौथ्यावरच्या चौकातही तेच. एवढा हसरा चेहरा, पुढं सोन्याचा दात, दातावर तारा कोरलेला. कुणी विसरेल का गं?

पाचवं कार्ड किलीकिली टेकडीचं. त्यानं लिहिलंय, की इथं मोयेच्या झाडाखाली बसून जेवतो आणि समोर बर्फाचा डोंगर बघतो. डोंगर आहे. मोये नाही. निलगिरीची चार खुरटी झाडं आहेत आणि वारा असा, की माझी टोपी थेट कुणाच्या तरी छपरावर गेली. शेजारच्या म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, की मी इथंच जन्मले, मोये इथं कधी नव्हतं. त्याची गफलत झाली असेल.

ताई, निघायच्या दिवशी आईनं मला मिरच्यांच्या खोलीत नेऊन दार लावलं होतं. तुला सांगितलं नाही. ती म्हणाली, की डॉक्टरनं मला कार्निव्हलपर्यंतचे दिवस दिलेत. पोरगा परत आण असं मी म्हणत नाही. तो कुठल्या बाजूला आहे, तेवढं सांग. वर असला, तर गेल्या गेल्या त्याला शोधीन. खाली असला, तर मेलेल्यांच्या गर्दीत उगाच कशाला हिंडू? आणि मेला असेल, तर मेल्यावर तीन वर्षं मांडायचं पान मांडलं नाही आपण; एवढी वर्षं तो उपाशी आलाय आणि उपाशी गेलाय. पहिल्या नोव्हेंबरला मेलेल्यांचे जीव घरी जेवायला येतात, त्याच्या आत तिला उत्तर हवंय. माझ्यापाशी आठ दिवस आहेत.

पत्र बसच्या कंडक्टरबरोबर देतेय. उत्तरही तसंच धाड.

धाकटीवर लोभ आहेच, तो एवढ्या उंचीवरही पोचू दे.

तुझी
कासिल्दा

—

पादिया,
२७ ऑक्टोबर १९६९

चि. कासिल्दा हिस,

अ. उ. आ. तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं.

तुझी लाल कोंबडी खुडूक बसली आहे. तारमास्तर बेनितो रोज दारावरून जाताना विचारतो, की बाईसाहेब डोंगरावरून पडल्या की अजून आहेत. त्याची जीभ तुला माहीत आहे. परवा सालुस्तियानोच्या सुनेला मुलगी झाल्याची तार आली, ती त्यानं विहिरीवरच मोठ्यानं वाचली. घरच्यांना सगळ्यांत शेवटी कळलं.

आई उठून बसते. छातीत घरघर आहे, पण मेलेल्यांच्या पानावर ठेवायच्या पावांची यादी तीच सांगते. बाबांचा पाव, आजोबांचा, आत्याचा, दोन्ही मेलेल्या बाळांचा, असे चेहऱ्यांचे बावीस पाव, आणि जीवांना खाली उतरायला शिडीचा एक. यादी संपली, की थांबते आणि माझ्याकडे बघते. मी पीठ चाळत राहते.

कासिल्दा, तिथं मोये नाही, कारण मी ती टेकडी कधी पाहिलेली नाही. ते झाड आपल्या अंगणातलं आहे. चौथं आणि पाचवं कार्ड मी लिहिलं.

चौसष्ट सालच्या मार्चमध्ये ट्रकवाला एलेउतेरियो माल घेऊन परत आला. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की ला पासला वरच्या वस्तीत, जुन्या साबणाच्या कारखान्यामागं, एका चार मजली घराची भिंत कोसळली आणि तिच्याखाली खोऱ्यातली पोरं होती. नावं त्याला ठाऊक नव्हती. बाबांना जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती फक्त कार्ड आलं का, एवढंच विचारायची. एलेउतेरियोकडून कोरी कार्डं मागवली. अन्सेल्मोला अक्षरं मीच शिकवली होती, त्यामुळं त्याच्यासारखं लिहिणं मला जड गेलं नाही. एलेउतेरियोनं ती तिकडून टाकली. कार्ड ऐकून आई उठली आणि तिनं सूप मागितलं. मला वाटलं, खात्रीची बातमी येईपर्यंतच हे चालवायचं. बातमी आलीच नाही. मीही आणायला गेले नाही. तू दर वर्षी जाते म्हणालीस, की मी काही ना काही काढून तुला थांबवलं.

तू त्या भिंतीपाशी जा. तिथं काय कळतं ते मला कळव. आईला मीच सांगेन. कसं, ते आत्ता मला माहीत नाही.

माझ्यावर लोभ राहील की नाही, ते विचारत नाही.

तुझी
नेमेसिया

—

ला पास,
३० ऑक्टोबर १९६९

ती. नेमेसियाताईस,

सा. न. वि. वि. हे सवयीनं लिहिलं. आत्ता मनात नाही.

मी या शहरात चार दिवस तुझीच कार्डं वाचत हिंडले, ताई. चौकात कबुतरांमध्ये उभं राहून, डोळे मिटून, तो इथं दाणे खात बसला असेल असं मनाशी म्हटलं. तो कधी त्या चौकात गेला होता का, तेही आता मला कळणार नाही. पण भांडण घरी येऊन करीन. आता कामाचं वाच.

साबणाच्या कारखान्यामागं ते घर आता पुरं झालंय, खाली औषधांचं दुकान आहे. समोर कठड्यावर इलारियोन नावाचा म्हातारा गवंडी बसतो. त्यानं फोटो हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. चार मेले, म्हणाला. दोघांना नातेवाईक आले, दोघांना कुणी आलं नाही. त्यांना वर माळाच्या कडेला, गरिबांच्या दफनभूमीत ठेवलं. तीन वर्षं कुणी फिरकलं नाही, की तिथली माती नव्यांसाठी मोकळी करतात. मग त्यानं मला विचारलं, की दातावरच्या ताऱ्याचं एक टोक तुटकं होतं का. मी हो म्हटलं. आठवतं ना, दात बसवणारा तो फिरता डॉक्टर प्यायलेला होता, आणि आई अन्सेल्मोला म्हणाली होती, की तोंडात सोनं घातलंस तेही मोडकं. इलारियोन म्हणाला, मग तो फोर्तुनाताबाईकडे आहे. दर सोमवारी बाई त्याला सिगारेट देते.

आता क्रूसाची खूण कर, नेमेसिया, आणि पुढं वाच. या शहरात लोक कवटी घरात ठेवतात. बेवारशी असली तरी ठेवतात. तिला नाव देतात, फुलं वाहतात, घर राखायला सांगतात, हरवलेलं शोधायला सांगतात. फोर्तुनाताचा नवरा थडगी खणायचा. माती मोकळी केली तेव्हा हे एक डोकं त्यानं घरी आणलं, आणि पुढं तोही गेला. बाईची एकच खोली. फळीवर मेणबत्ती, आणि मेणबत्तीमागं विणलेली निळी टोपी घातलेला तो. ती त्याला लुसेरोदादा म्हणते, पहाटेच्या ताऱ्यावरून. मी कोण ते कळल्यावर बाईनं मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाली, की दोन वर्षं मी त्याच्याशी बोलतेय, आजारी पडले की त्यालाच हाक मारते. तुम्ही सख्खी माणसं कुठल्या जत्रेत होता? मग तिनंच मेणबत्ती जवळ धरली.

तुटकं टोक डाव्या बाजूला आहे. मी रडले नाही. टोपी वाकडी बसली होती, ती तेवढी सरळ केली.

ताई, आईला सांग. बातमी कशी कळली ते नंतर बघू, पण तो वर आहे एवढं तिला सांग. आणि परवा दुपारी बाराला जीव यायच्या आत त्याच्या नावाचा पाव मांड. तेविसावा. दात मक्याच्या दाण्याचा कर. तार करणार होते. टपालघरात जाऊन कागदही मागितला. मग बेनितो आठवला. अन्सेल्मो मेला, हे आईनं विहिरीवरून ओरडलेलं ऐकायला नको. म्हणून पत्र देतेय. पुढच्या सीटवरच्या कंडक्टरला शपथ घातलीय. परवा सकाळी तुझ्या हातात असेल.

आईवर माझा लोभ. तुझ्यासाठीचा शोधावा लागेल, पण असेल कुठंतरी.

कासिल्दा

—

पादिया,
४ नोव्हेंबर १९६९

चि. कासिल्दा हिस,

अ. उ. आ. बसून वाच.

आई परवा गेली, दोन तारखेला, दुपारी. काल तिला बाबांशेजारी ठेवली. तुझं पत्र मातीहून परतल्यावर मिळालं. आसेरो नदीला पूर आला होता, बस दोन दिवस पलीकडे उभी होती. कंडक्टरनं चिखलातून चालत येऊन पत्र दिलं आणि म्हणाला, की बाईंनी शपथ घातली होती. मी त्याला खायला घातलं. पान उचलायचं राहिलंच होतं.

एक तारखेला सकाळी पाव भट्टीतून काढले. आईनं खुर्ची मेजापाशी ओढून घेतली आणि एकेक चेहरा मोजला. बावीस झाले. मग तिनं मला सरळ विचारलं, की नेमेसिया, अन्सेल्मोचा पाव करायचा राहिला का? पीठ उरलं होतं. परातीत एका पावाचं पीठ होतं, कासिल्दा, मी खोटं बोलत नाही. पण तुझं उत्तर आलं नव्हतं. तो कदाचित जिवंत असेल, असं मला एकदा शेवटचं वाटून घ्यायचं होतं. मी म्हटलं, जिवंत माणसाचा पाव करतात का? कासिल्दाला पत्ता लागलाय, तो येतोय.

आई हसली. म्हणाली, की बरं झालं, तिकडं शोधायचं एक काम कमी झालं. त्या उरलेल्या पिठाचा तिनं कुत्र्यासाठी गोळा भाजायला लावला.

दुसऱ्या दिवशी जीवांना निरोप द्यायला सगळे जमले, प्रार्थना चालू होती. शेजारच्या सातुर्निनाला वाटलं, आईचा डोळा लागलाय. जायच्या आधी आईनं मला एवढंच सांगितलं होतं, की अन्सेल्मो आला की त्याला माझी तपकिरी शाल दे, तिकडं डोंगरात राहून त्याला थंडी बाधली असेल. शाल तिच्याबरोबर ठेवायची होती. मी ठेवली नाही. तिनं सांगितलं होतं ना.

ती त्याला शोधणार नाही, कासिल्दा. तो समोरून गेला तरी शोधणार नाही. हे मी केलं.

बाकी ठीक. कोंबडी अजून बसून आहे.

नेमेसिया

—

ला पास,
८ नोव्हेंबर १९६९

ती. नेमेसियाताईस,

सा. न. वि. वि. या वेळी मनापासून लिहिलंय.

तुझं पत्र परवा मिळालं. पास्कुआलाबाई दोन दिवस खोलीबाहेर चहा ठेवत राहिली. निघायची बस उद्याची आहे. आज थांबले, कारण आज या डोक्यांचा सण असतो. फोर्तुनाता म्हणाली, की त्याला त्याचा मुकुट मिळू दे, मग काय ते ठरवू.

शहरातलं शेवटचं बघायचं ते हेच बघितलं. मोठ्या दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाया खोक्यांतून, उशांवरून, पोटाशी धरून आपापली डोकी घेऊन आल्या होत्या. गुलाबांचे मुकुट, ओठांत सिगारेटी, एकाला चष्मासुद्धा. बँडवाले वाजवत होते, पाद्री पाणी शिंपडत होता आणि बाया भाजीबाजारात रेटतात तशा एकमेकींना रेटत होत्या. एका बाईनं आमच्याकडे बघून विचारलं, की तुमचा काय काय करतो? फोर्तुनाता ताठ झाली आणि म्हणाली, की आमचा हरवलेलं शोधून देतो, गेल्या वर्षी शेजारणीचं गाढव शोधलं. ती बाई म्हणाली, की आमचा तर नुसता झोपतो.

मग फोर्तुनातानं त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, की आज मागायचं ते कानात माग, तो नाही म्हणत नाही.

पोटभर रागवायचं होतं मला त्याला. तुला, मला, त्या कंडक्टरला, नदीला. झालं नाही. त्याची टोपी वर करून मी एवढंच सांगितलं, की अन्सेल्मो, आई तिकडं आलीय. ती तुला शोधणार नाही, ती समजते तू खाली आहेस. म्हणून आता तू शोध. तिच्या अंगावर शाल नाही, ओळखायला अवघड जाईल. बुटकी आहे, छातीत घरघर आहे, हातांना मिरचीचा वास येतो. ती तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही, पुढं निघून जाईल. तर तू तोंड उघडून हस. दात बघितला, की ओरडेल बघ तुझ्यावर.

फोर्तुनाता ऐकत होती. संध्याकाळी तिनंच त्याला घडीच्या कापडात बांधून माझ्या हातात दिला. निळी टोपी काढू देईना. म्हणाली, की फळी रिकामी दिसेल, पण गाढवापेक्षा हे काम मोठं आहे. दर वर्षी तिला एक पाव धाडायचं कबूल करून आलेय.

अकरा तारखेला पोचते. तपकिरी शाल पेटीतून काढून ठेव, त्याला त्यातच गुंडाळून आईशेजारी ठेवू. सांगितलेलं तेवढं तरी खरं होईल. कुणी विचारलं, तर कासिल्दा शहर बघून आली म्हणावं.

पुढच्या वर्षी पीठ जास्त मळ. त्या दोघांचे पाव मेजावर एकमेकांना लावून ठेवायचे, बोट शिरणार नाही इतके जवळ.

तुझ्यासाठीचा लोभ सापडला, ताई. बरोबर घेऊनच येतेय.

तुझी
कासिल्दा