शेपूट काढलेला ट्रॅक्टर

१२ जानेवारी, सोमवार

मामा, म्हणजे सासरे, सकाळी फ्लेक्सचा बॅनर घेऊन आले आणि दुकानाच्या शटरवर ताणून बांधला. मधोमध आपला लाल ट्रॅक्टर, पुढची दोन्ही चाकं हवेत. डाव्या कोपऱ्यात मामा, फेटा बांधून. खाली त्यांचं नाव, धामणगाव बढे, वेल्डिंग व शेती अवजारे, सगळं ठसठशीत. उजव्या कोपऱ्यात मी. माझ्या खाली नुसतं 'जावईबापू'. नाव राहिलं का, म्हणून विचारलं. म्हणाले, जागा नव्हती. धुराच्या ढगाला मात्र पाव बॅनर दिलाय.

चार वर्षं झाली या घरात येऊन. सासऱ्याची एक मुलगी, एक दुकान, एक ट्रॅक्टर, आणि तिन्हींना मिळून एक घरजावई. बायको, सुनंदा, बॅनर बघून म्हणाली, फोटो तरी बरा आलाय.

खाली नवी ओळ आहे : यंदा शेपटीशिवाय. ही बातमी मला गावाबरोबरच कळली. शेपूट मीच जोडलं होतं. ट्रॅक्टरच्या मागं दोन जाड पाइप, टोकाला हातगाडीची चाकं. नाक जास्तच वर गेलं की ती चाकं आधी टेकतात, म्हणून मी अजून सीटवर आहे, सीटखाली नाही. मागच्या वर्षीच्या शर्यतीत अमडापूरवाला शेपूट न लावता आला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आपल्या ट्रॅक्टरला पोरं 'म्हाताऱ्याची काठी' म्हणाली. ते मामांना लागलंय.

शर्यत ८ फेब्रु. ला, मोताळ्याकडच्या जत्रेच्या मैदानावर. झेंडी पडली की जागेवरूनच नाक वर काढायचं आणि चाकं हवेत ठेवून जितकं जाता येईल तितकं जायचं. लांब जाईल तो जिंकला. मी दोनदा केलंय. तेव्हा मजा वाटायची, हेही लिहून ठेवतो.

१४ जाने., बुध.

संक्रांत. लोणारला थोरल्या भावाला फोन. तिळगूळ वगैरे झालं. मग म्हटलं, थोडे दिवस तिकडं यावं म्हणतो. तो लगेच म्हणाला, "ये ना बे, दोन दिवस राह्य." किती दिवस ते मी बोललोच नव्हतो. माझ्या खोलीत त्यानं किराणा मांडलाय. झोपायचं कुठं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

१७ जाने., शनि.

दिवसभर नाक हलकं करायचं काम. पुढची वजनं काढली. बॅटरी काढून सीटच्या मागं नेली. मागच्या, अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या हातांवर सिमेंटचा ठोकळा बांधला. मग भुसार व्यापाऱ्याच्या काट्यावर ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं चढवली. हे मामांचं स्वतःचं शास्त्र, दुसरं कोणी करत नाही. तुरीची पोती घेऊन आलेले लोक खोळंबले. काटा मागच्या वर्षीच्या निम्म्यावर आला. व्यापारी म्हणाला, काय हो, उपाशी ठेवता का याला? सगळे हसले, मामा सगळ्यांत जास्त.

मीही हसलो. काम मनासारखं झालं की मला बरं वाटतंच, तिथंच गोची आहे. नाक जितकं हलकं करतो तितकी माझीच पाठ जमिनीकडं जाते, आणि पाना माझ्याच हातात.

१९ जाने., सोम.

मागच्या टायरांत पाणी भरलं. मागून जड, पुढून हलका, असा हिशेब. उजवं टायर मी, डावं मामा. मामांच्या कानाला सारखा फोन. अमडापूरवाल्याला सांगत होते, "या बरं पाहाले. यंदा आमचा जावई आभायाले हात लावते."

जावयाला विचारून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२२ जाने., गुरु.

वावरात तालीम. कापूस संपला, पऱ्हाटी उपटून ढीग लावलाय. मामांनी त्यातली लांबशी एक पऱ्हाटी जमिनीत रोवली. चाक तिच्या शेंड्याच्या वरून गेलं पाहिजे, हे त्यांचं माप.

दोन्ही ब्रेक जोडणारी पट्टी सोडली. चाकं हवेत असली की स्टिअरिंग शोभेपुरतं, वळवायचं ते डाव्या-उजव्या ब्रेकनंच. थ्रॉटल ओढला, क्लच सोडला. समोरची पऱ्हाटी दिसेनाशी झाली, बांधावरचा कडुनिंब दिसेनासा झाला, मग नुसतं आभाळ. आणि ट्रॅक्टर डावीकडं कलला. उजवा ब्रेक दाबला की नाही ते आठवत नाही. मागं शेपूट खाडकन टेकलं आणि नाक खाली आपटलं.

उतरून मागं गेलो. शेपटीचा एक पाइप वाकलेला. मामा तो बघून म्हणाले, "पाह्यलं? यानंच वाकडं नेलं. घासून राह्यलं ना मांगून."

मला भीती वाटली. अशी आधी कधी वाटली नव्हती, आणि ती जात नाहीये.

२३ जाने., शुक्र.

सु. सकाळी पान्यानं टायर ठोकून आवाज ऐकत उभी होती. एकदा उजवं, एकदा डावं. मग मामांना चहा देताना म्हणाली, "बाबा, डाव्या टायरात पानी कमी हाये. वॉल खालीच असताना भरलं तुमी."

खरंच. चाक फिरवून हवा भरायचा वॉल अगदी वर आणावा लागतो, पाणी वॉलच्या उंचीपर्यंतच भरतं. फोनच्या नादात मामांनी चाक फिरवलंच नव्हतं. मामांनी चहा संपवला, गपचूप पाणी भरलं आणि म्हणाले, झालं, सापडला दोष, आता शेपटीचं काही काम नाही. एक चूक सापडली म्हणजे सगळ्या संपल्या, असं त्यांचं गणित.

सु. शाळेत असल्यापासून ट्रॅक्टर चालवते. लग्न झालं आणि सीट मला मिळाली, तिला चूल. मामांनी ठरवलं, तिनं ऐकलं, आणि मी खुशाल जाऊन बसलो.

२७ जाने., मंगळ.

आज सांगायचंच असं ठरवून दुकानात गेलो. नेमके चार-पाच जण नांगराचे फाळ घेऊन बसलेले. तरी बोललो. मामा, शेपूट राहू द्या, नाहीतर मी बसत नाही.

मामांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर नेला. रागावले असते तर मीही चढून बोललो असतो. पण हळूच विचारलं, "तुमाले भेव वाटून राह्यलं काय, जावई? तसं सांगा." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, छे, भेव कसलं.

झालं. आपणच आपल्याला कोंडून घेतलं. नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. संध्याकाळपर्यंत स्वतःला शिव्या देतोय.

३० जाने., शुक्र.

शेवटी सु. ला सांगितलं. दोघं हरभऱ्याला पाणी देत होतो. म्हटलं, मला भीती वाटते. लोणारला जायची सोय नाही, इथं नाही म्हणायची सोय नाही, रोज सकाळी उठलो की आधी ८ तारीख आठवते. ती फावड्यानं माती ओढत राहिली. वाटलं, आता म्हणेल, मी बाबांना समजावते.

ती म्हणाली, "मंग तुमी नका बसू. मी बसीन."

मी हसलो. ती हसली नाही.

"बाबाचं नाव राह्यते, तुमचा जीव राह्यते. अन् मले येते ते."

आणि तुझा जीव, असं विचारलं. म्हणाली, तिकडं पाणी फुटलंय, बघा आधी.

१ फेब्रु., रवि.

मामा पाहुण्यांकडं गेले होते. सु. नं साडीवर माझा शेतातला शर्ट चढवला आणि ट्रॅक्टर वावरात नेला. शेपूट ठेवायचं, ही माझी अट. पाइप मी सरळ करून घेतला होता.

मी क्लच सोडतो आणि थ्रॉटल धरूनच ठेवतो. तिनं नाक वर आल्याबरोबर थ्रॉटल किंचित मागं घेतला, आणि ट्रॅक्टर त्याच उंचीवर चालत राहिला. चाक पऱ्हाटीच्या शेंड्यावरून गेलं. शेपूट एकदाही टेकलं नाही. मी कडेनं बस झालं, बस झालं म्हणून ओरडत पळत होतो, आणि आतून वाटत होतं की अजून थोडं जावं.

माझ्याहून चांगलं उचलते. हेवा वाटला. लगेच तिची पाठ कुठं आहे आणि जमीन कुठं आहे ते दिसलं. दोन्ही एकदमच.

उतरली तेव्हा तोंड लाल, कपाळावर माती, आणि डोळे असे की लग्नानंतर मी ते बघितलेच नव्हते. आता हिला नको कसं म्हणू? आणि म्हटलंच तर सीटवर कोण, मीच ना. तिनं मला सोडवलं की आणखी घट्ट बांधलं, कळत नाही. विचारायची हिंमत नाही.

४ फेब्रु., बुध.

शेजारच्या वावरवाल्यानं मामांना सांगितलंच. मामा तिला काही बोलले नाहीत. मला दुकानाच्या मागं नेलं. "पोरगी बसली त लोक काय म्हनतील, तुमीच सांगा."

म्हटलं, लोकांचं राहू द्या, उलटला तर?

"उलटत नाई. वजन मी केलं हाये." मग बराच वेळ हातातलं फडकं पिळत उभे होते. फडकं कोरडंच होतं.

५ फेब्रु.

मामी, म्हणजे सासूबाई, कालपासून कोणाशी बोलत नाहीत. भाकरी ताटात आपटते तेवढाच घरात आवाज.

७ फेब्रु., शनि.

शेपूट काढलं. एक बोल्ट जाम होता. मामांनी दोनदा जोर लावला आणि पाना माझ्यापुढं धरला. मी घेतला, डिझेल सोडलं, ठोकलं, सोडवला. माझ्या जिवावरचा बोल्ट मीच सोडवला, कारण जाम बोल्ट दिसला की मला राहवत नाही. काय म्हणावं असल्या माणसाला.

पाइप भिंतीला टेकवून ठेवले. म्हटलं, मामा, अजून लावता येईल, अर्ध्या तासाचं काम. ते शटरकडं बघत होते. म्हणाले, "गावभर सांगून बसलो ना, जावई, आता." आवाज त्यांचा वाटला नाही. बारीक होता.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा माणूसही भ्यालाय. टायर कमी भरल्याचं कळलं त्या दिवसापासून भ्यालाय. बॅनर लावून बसलाय म्हणून त्याला मागं फिरता येत नाही. त्या दिवशी दुकानात मला भेव वाटतं का म्हणून विचारलं, ते मला खाली पाडायला नव्हतंच. मी हो म्हणालो असतो तर जावयासाठी म्हणून शेपूट राहिलं असतं आणि त्यांचंही नाक राहिलं असतं. वाट समोर उघडून दिली होती आणि मी छे म्हणून बंद केली.

उद्या सकाळी सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो. शेपूट राहिलं की मीच बसेन, सु. लाही मग बसावं लागणार नाही.

८ फेब्रु., रवि.

डिझेल पंपावर थांबलोय. फोनमध्येच लिहितो, नंतर उतरवून घेईन.

निघायच्या वेळी अंगणात वीसेक माणसं. नारळ फोडला. सु. बाहेर आली, साडीवर माझा शर्ट, केस करकचून बांधलेले. मामांनी बघितलं आणि नजर फिरवली. मी पुढं झालो. आवाज चढवूनच बोललो, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "मामा, मले भेव वाटून राह्यलं. शेपूट लावा."

कोणी हसलं नाही. मामांनी खांदे सोडले, अगदी दिसेल असे. म्हणाले, जावयाचा शब्द आहे, लावू मग. आणि पाइप आणायला दुकानाकडं वळलेसुद्धा. मला रडू येईल असं वाटलं. सुटलो, तिघंही सुटलो.

सु. जागची हलली नाही. म्हणाली, "बाबा, राहू द्या. मले नाई वाटत."

मामा तिथंच थांबले. अंगणातली एक बाई म्हणाली, बस पोरी. मग दुसरी म्हणाली. मग पुरुषही म्हणायला लागले. मामी दारात होत्या, त्या आत निघून गेल्या. मी तिच्याजवळ जाऊन हळू म्हटलं, माझ्यासाठी बसू नको, मी सांगितलं ना आता सगळ्यांना. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाई."

पाइप दुकानातच राहिले. मामांनी ट्रॅक्टर चालवला, ती एका मडगार्डवर, मी दुसऱ्यावर. सीटवर कोण बसणार ते रस्ताभर कोणी काढलं नाही. मैदानाचा भोंगा इथपर्यंत ऐकू येतोय.

टाकीचं झाकण उघडायला चाव्यांचा जुडगा माझ्याकडं दिला होता, ट्रॅक्टर सुरू करायची चावीही त्यातच. डिझेल भरून झालंय. मामा पैसे देऊन आले, पण वर चढले नाहीत, ट्रॅक्टरला हात लावून खालीच उभे आहेत आणि माझ्याकडं बघतायत. सु. मडगार्डवरून सीटवर सरकलीय. चावीसाठी तिनं हात पुढं केलाय.