लिव्हर डावीकडे का आहे

बाबा,

चिठ्ठी तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवतेय, म्हणजे आईच्या हाती लागणार नाही. मी लोडरच्या तेलाचा नवा होजपाइप आणायला बाजारात जातेय, दुपारपर्यंत परत येईन. तोवर ट्रॅक्टर चालू करू नका. लोडरची बकेट जमिनीवर टेकवून ठेवली आहे, ती तशीच राहू द्या.

काल भरलेली बकेट धाडकन खाली आली, त्यात तुमची काही चूक नव्हती. जोडाजवळचा पाइप मी फारच वाकवून बसवला होता, तो तिथेच फुटला आणि तेलाचा दाब गेला. सगळ्यांसमोर "तुम्हीच लिव्हर सोडलात" असं मी म्हणाले, ते माझं चुकलं. "धडधाकट ट्रॅक्टरला हे लोडरचे हात कशाला जोडतेस?" असं तुम्ही महिनाभर कुरकुरत होतात, तरी मी प्रत्येक बोल्ट आवळताना बॅटरीचा उजेड धरून शेजारी बसलात. मला निदान तेवढं तरी आठवायला हवं होतं.

परवा तुम्ही विचारलंत, लिव्हर डावीकडे का बसवला. मी म्हटलं, उजवीकडे जागा नव्हती. जागा होती, बाबा. हल्ली तुम्ही चहाचा कप डाव्या हाताने उचलता, आणि शर्टाची बटणं लावायला आतल्या खोलीचं दार लावून घेता. मला दिसतं ते.

उद्या सकाळी दहाची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी सोबत येणार आहे, त्यावर वाद नको. आईला मी एका शब्दानेही बोललेले नाही. मी घरी यायच्या आत तुम्हीच तिला सांगा.

– तुमची मिस्त्री