मगरीची पर्स आणि मधली खोली

१ मे १९६६, रविवार

बजरंगला मारलं. छत्रीने. छत्री मोडली, बजरंग तसाच उभा राहिला. पण पहिला वार माझा होता, याची नोंद असावी.

कारण स्वच्छ आहे. तुंगार्लीच्या एका बंगल्यातलं सामान लिलावात निघालं होतं. मालकीणबाई कायमच्या विलायतेला चालल्या. सामानात काळ्या कातड्याची, चांदीच्या खटक्याची पर्स. आत सोनेरी अक्षरांत पॅरिस! अशा वस्तूला लोक पिशवी म्हणतात. मी हस्तमंजूषा म्हणतो. ती बजरंगने चढी बोली लावून पळवली. हा आमचा शेजारी, जुना पैलवान, घरी दोन बैल. विचारलं, काय करणार हिचं? तर म्हणाला, बैलाचं पट्टं लय झिजल्यात गुरुजी, ह्ये कातडं ब्येस हाय.

उभा जन्म मुलांना कविता शिकवली. हे ऐकून हातात छत्री असलेला माणूस दुसरं काय करणार?

संकल्प: यापुढे हात उचलायचा नाही. शब्दांनीच घायाळ करायचं.

४ मे

संकल्प टिकून आहे. (बजरंग परंदवडीला गेलाय.)

आमची ही, म्हणजे नंदाबाई, म्हणाली की आपल्या लेकीचं, शालनचं पहिलं बाळंतपण, आषाढात दिवस भरतील, मधली खोली मोकळी करा. मी म्हटलं, झालीच समज.

खोलीत माझा संग्रह आहे. लिलाववाला सीताराम सुटी पर्स विकत नाही, लॉट करतो. त्यामुळे प्रत्येक पर्सबरोबर काही ना काही येतं. पत्र्याचा बाथटब आला. भुसा भरलेलं सांबराचं डोकं आलं. कुत्र्याचं लाकडी घर आलं. कुत्रा नाही आला, एवढंच.

८ मे

सकाळी पर्सा पुसल्या. लहानपणीचा शाळेतला बक्षीस समारंभ आठवला. मी कविता म्हटली होती, साभिनय. साहेबाच्या मडमेने पर्स उघडली, टक्! आणि मला एक पेपरमिंट दिलं. तसला ‘टक्’ पुन्हा ऐकला नाही. सगळी धडपड त्याच्यासाठी. हिला आज हे सांगितलं. ही म्हणाली, पेपरमिंट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

काव्याला घरात शत्रू फार.

१६ मे

खून! बजरंग अंगणात बसून माझ्या पर्सचे पट्टे कापत होता. पोटापासून सुरुवात केली होती. अस्तर बाहेर आलेलं. मी कुंपणावरून उडी मारली. संकल्प होता, पण तो शांततेच्या काळासाठी होता.

दोन ठोसे दिले. तिसऱ्याच्या वेळी त्याने मला उचललं आणि बैलांच्या पाण्याच्या हौदात ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. वर त्याची बायको अंबूबाई म्हणाली, गुरुजी, सर्दी व्हईल, भाईर या.

वैशाखात थंड पाणी प्रकृतीला चांगलं. एकूण बरोबरी.

२९ मे, रविवार

विजय! मगर माझी!

नाईलमधली अस्सल मगर, पॅरिसची शिवण. साऱ्या मावळात अशी दुसरी नसेल. पाहताच भुजंगप्रयातात ओळी उसळल्या. मी तिथेच, साभिनय:

कुठे नाइलाचे निळे स्वच्छ पाणी
कुठे ही दशा आज लोणावळ्याला

‘कुठे’ला उजवा हात वर. दुसऱ्या ‘कुठे’ला डावा. सीताराम प्रत्येक हाताला आकडा वाढवत राहिला. शेवटी माझ्याशिवाय मैदानात कोणीच उरलं नाही. बजरंग मागून म्हणत होता, गुरुजी, हात खाली घ्या, तुमीच तुमच्या बोलीवर चढताय. मत्सर! त्याला कोपर मारलं. चुकून सीतारामच्या नाकावर बसलं. सीतारामच्या माणसांनी मला गेटपर्यंत सन्मानाने नेलं. सदऱ्याची बाही तिथेच राहिली.

लॉटमध्ये गवत कापायचं यंत्रही आहे. उद्यापासून खोली आवरायची.

१२ जून

पर्सांना बुरशी. हिरवी, मऊ, जणू कोवळी लव. काव्यमय दृश्य, पण वास येतो.

चुलीवर टांगून धूर दिला. एका पर्सचं बूड करपलं. हिने तीच पर्स माझ्या दिशेने फेकली. नेम चांगला आहे, लग्नात माहीत नव्हतं.

पुन्हा विचारलं, खोली कधी? म्हटलं, ऊन पडलं की. ही म्हणाली, अहो, ऊन आता दसऱ्याला.

२६ जून, रविवार

आज जे झालं त्याकडे शांतपणे पाहिलं पाहिजे.

जावई आले, गेणू. खडकीला कारखान्यात आहेत. सज्जन, मोजकं बोलणारे. शालनला आणण्याआधी खोली पाहायची होती. दार उघडलं, तर कुत्र्याच्या घरातून घूस निघाली. मांजराएवढी. गेणूने हाताला येईल ते उचललं आणि घूस ठेचली. दाणदाण. हाताला आली होती मगर.

पॅरिसच्या शिवणीवर घुशीचं रक्त! पुढचं मला नीट आठवत नाही. काठी माझ्या हातात होती. गेणूच्या पाठीवर दोनदा बसली असावी. ही दारात चहा घेऊन उभी.

गेणू म्हणाला, मामा, घूस होती. मी म्हटलं, दिसली मला. त्याने मगर हळूच खाली ठेवली, माझ्या पाया पडला आणि चहा न घेता गेला.

पाया पडला, म्हणजे मनावर घेतलेलं नाही.

२९ जून

मनावर घेतलंय. शालनचा निरोप आला. ज्या घरात माझ्या नवऱ्यावर काठी उठली तिथे मी बाळंत होणार नाही. सासरी सासू नाही, करणारं कोणी नाही. तर अंबूबाईने आपली मागची खोली सारवून दिली. बजरंगच्या घरात! माझ्या मुलीचं बाळंतपण!

ही पण तिकडेच चालली. जाताना तवा घेऊन गेली. मी बजावलं, वैऱ्याच्या घरी मी पाऊल ठेवणार नाही. ही म्हणाली, आधी खडकीला जाऊन गेणूची माफी मागा, मग पावलाचं बघू.

उद्या जातो.

३ जुलै

लिलाव होता. शामॉ, म्हणजे पहाडी बकरीच्या मऊ कातड्याची संध्याकाळची पर्स, मोत्यांची. एका चिक्कीवाल्याशी झटापट. माझा चष्मा, त्याचा दात. पर्स माझ्याकडे. खडकी उद्या.

१० जुलै

मुलगी झाली. कुंपणापलीकडून रडणं ऐकू आलं. खणखणीत, स्पष्ट उच्चार.

मगर पुसली, भेट म्हणून घेऊन गेलो. तत्त्व बाजूला ठेवलं. ही दारातच आडवी. म्हणाली, हा वास बाळंतिणीच्या खोलीत नको, पिशवी ओट्यावर ठेवा, हातपाय धुवा, मग या. ओट्यावर! बजरंगच्या ओट्यावर, जिथे त्याची सुरी असते! मी मगरीला सोडून आत कसा जाणार?

परत आलो. बाळ कुठे पळून जात नाही.

२१ जुलै

उद्या बारसं. नाव मी काढून ठेवलंय, काव्यलतिका. आत्याबाईला शोभेल असं. (आत्या नाही, पण शोभेल.) उद्या सकाळी पहिल्या गाडीने खडकी, माफी, बारशाला हजर. ठरलं.

२२ जुलै

सकाळी पर्सांवर पांढऱ्या बुरशीचा हल्ला. हातघाईची लढाई. रॉकेलच्या बोळ्याने तेवीस जखमी साफ केले, चार गेले. गाडी चुकली. पलीकडून पाळणा ऐकू येत होता. वृत्त ढिलं होतं, पण आवाज हिचा. बरा लागला.

७ ऑगस्ट

आपणच पिठलं करतो. काव्याला एकांत हवाच असतो. मोत्यांच्या पर्सचे मोती खरे नाहीत, पाण्यात विरघळले. चिक्कीवाल्याला दात परत करावा काय?

उद्या खडकी.

१४ ऑगस्ट

उद्या झेंडावंदन. परवा.

२१ ऑगस्ट, रविवार

पलीकडे शांतता होती. कुंपणाशी गेलो. बजरंग बैल धूत होता. विचारलं, आज रडणं ऐकू येत नाही? तो म्हणाला, सकाळच्या गाडीनं ग्येली न्हवं शालन, गेणू आलतं न्यायला. तुमचं मंडळी बी ग्येलंय संगट, बाळ जरा थोर व्हईस्तवर न्हाई यायचं. तुमाला सांगितलं न्हाई?

मी म्हटलं, सांगितलं असेल. मी कामात होतो.

मग विचारलं, नाव काय ठेवलं? म्हणाला, हिरा. दिसते कशी? बजरंगने बैलावर बादली रिकामी केली. म्हणाला, समदी आईवाणी. कान तेवढं तुमचं.

मारावंसं वाटलं नाही. हात कुंपणाच्या गजावर तसेच राहिले.

घरी येऊन आरशात कान पाहिले. उजवा एका लिलावात वाकडा झालाय. तिचा सरळ असेल.