ग्रॅहमचा खांदा

१२ फेब्रु. २००६, रवि.
ग्रॅहमची मेल. माझे जुने बॉस, रिटायर होऊन न्यूझीलंडला परत गेले तरी दर पंधरा दिवसांनी ख्यालीखुशाली कळवतात. आज चक्क काम दिलंय! एप्रिलमध्ये हरणाच्या शिकारीला जाणार, बहुधा शेवटच्या. वडिलांची रायफल. गोळी १५० ग्रेन वजनाची घ्यावी की १८०? "आकडे तुझ्याइतके नीट कुणी मांडत नाही." अहो, मी जन्मात बंदूक हातात धरलेली नाही.
मिलिंद मेल वाचून म्हणाला, "सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी गोळी निवडायची. वा बाईसाहेब!" राग आला, पण नवऱ्याचं खरं होतं.

१४, मंगळ.
नाही कसं म्हणू? तेव्हा सिंगापुरात नवी, ईशा पोटात, सहावा महिना. आधीच्या कंपनीने काढलं, नोकरीचा पास रद्द, तीस दिवसांत देश सोडा. इंटरव्ह्यूला सगळे पोटाकडे बघायचे. ग्रॅहमनी फक्त माझी ड्रॉइंग्ज बघितली. "सोमवारी जॉइन हो. सुट्टीचं नंतर बघू." ईशा आता सात वर्षांची. सिंगापुरातला, क्लेमेंटीचा हा फ्लॅट, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं त्या एका सोमवारामुळे.

१८, शनि.
एक्सेल केलं. जड गोळी वाऱ्याने कमी हलते, खोल जाते. १८० जिंकली. पाठवून टाकलं.
मिलिंदला म्हटलं, ते मारणारच आहेत, निदान जनावर तडफडू नये. तो नुसतं "हं" म्हणाला. त्याचं हं मला चांगलं ठाऊक आहे.

४ मार्च, शनि.
माती खाल्ली. ग्रॅहम १८० घेऊन सरावाला गेले. धक्क्याने खांदा काळानिळा. दुसऱ्या गोळीपासून धास्तीने डोळेच मिटायला लागले, नेम कुठल्या कुठे. त्या खांद्याचं मागच्या वर्षी इथेच ऑपरेशन झालं, मी स्वतः पपई कापून घेऊन गेले होते. आणि माझ्या शीटमध्ये वारा आहे, वेग आहे, खांद्याला रकानाच नाही!
हरणाच्या पोटात बसली असती तर? दिवसभर रक्त सांडत... नको.
त्यांनी काय लिहावं? "शीट बरोबर आहे, खांदा चुकलाय." असा माणूस! बाथरूममध्ये जाऊन रडले.

५, रवि.
नवीन शीट. पहिला रकाना खांदा. उत्तर १५०, धक्का बराच कमी. खाली सूचना: हरीण शंभर मीटरच्या आत असेल तरच, वारा असेल तर नाही, हात थरथरला तर नाही.
मिलिंद मागे उभा. "आणखी एक ओळ टाक. हरीण बघूनच मन भरलं तर सोडून द्या म्हणावं."
थट्टाच करत होता. मी लिहिली.

१९, रवि.
ग्रॅहम: १५० झकास. तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. खांदा कुरकुरला नाही. तुझे उपकार.
माझे म्हणे! शेवटच्या ओळीबद्दल अवाक्षर नाही.

९ एप्रिल, रवि.
आज ते डोंगरात. बुद्धवंदनेला बसले. आपल्यात काही मागायचं नसतं, तरी मन मागायला लागलं. हरीण दिसू नये म्हणावं, तर म्हाताऱ्याची शेवटची खेप वाया. दिसावं म्हणावं, तर कुठल्या तोंडाने? शेवटी नुसतं ग्रॅहमचं नाव घेतलं आणि उठले.

१२, बुध.
फोन आला. ईशाने झडप घालून उचलला. "अंकल! द डिअर, गॉट ऑर नॉट?"
मी तिच्या हातून ओढून घेतला. त्यांना बोलूच दिलं नाही. म्हटलं, आधी खांदा कसा आहे ते सांगा.
 म्हणाले, "खांदा एकदम ठीक आहे, थँक यू."  मग पाऊण तास त्यांच्या टोमॅटोंवर, ईशाच्या शाळेवर, आईच्या डोळ्यांवर.
हरणाचं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.