तारेच्या पलीकडं काय ठेवायचं

बाबा, मी आता व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहिते. पुण्यात एका लहानशा कंपनीत आम्ही काही जण बसतो. कोणी चित्रं काढतं, कोणी आवाज भरतं, आणि खेळणाऱ्यानं कुठून कुठं जायचं, वाटेत त्याला कोण भेटेल, काय बोलेल, ते मी ठरवते. तुम्हाला हे काम म्हणून पटलं असतं की नाही, कोण जाणे. पण सुरुवात तुम्हीच करून दिलीत. वणीतला एक सायबर कॅफे बंद पडला, तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर तुम्ही गोधडीत गुंडाळून ऑटोनं राजूरच्या क्वार्टरात आणला. आईनं विचारलं, "हे कायले?" तुम्ही म्हणालात, "पोरीले पाह्यजे." मी मागितलाही नव्हता.

त्यात एक गेम आधीपासूनच होता. हरवलेल्या भावाला शोधत एक माणूस जुन्या किल्ल्यात शिरतो. एक दार उघडलं की पुढचं दिसायचं, चुकीच्या दाराला कुलूप. पहिल्या पाळीवरून येऊन, आंघोळ करून, डोळ्यांच्या कडांना तशीच काळी रेघ घेऊन तुम्ही माझ्या मागं खुर्ची टाकून बसायचे. "आता पुढं काय होते?" हे तुमचं ठरलेलं. तो भाऊ सापडला त्या दिवशी तुम्ही आईलाही स्वयंपाकघरातून बोलावून आणलंत. तुम्ही खाणीत सरदार होता. बाहेरचे लोक या शब्दाला हसतात, पण तुमच्या भागातल्या माणसांचा जीव तुमच्या हवाली असायचा. छत ठोकून पाहायचं, आवाज पोकळ आला तर माणसं मागं घ्यायची. जिथला कोळसा काढून झाला आणि छत कोसळायला सोडून दिलंय त्या जागेला तुम्ही गोफ म्हणायचे. तिच्या तोंडाशी तार बांधून लाल पाटी लावणं हे तुमचंच काम. लोकांचे रस्ते बंद करणारा माणूस होता तुम्ही, आणि कुलपांचा तो गेम तुम्हाला आवडला यात मला कधी नवल वाटलं नाही.

मग मी मैत्रिणीकडून दुसरा गेम आणला. त्यात अख्खा मुलूख होता, डोंगर, गावं, समुद्र, आणि कुठंही जायची मोकळीक. तुम्ही चहा घेऊन बसलात.

"आता काय करायचं?"

"काहीही."

"काहीही म्हंजे? कोणी सांगून नाही राह्यलं?"

"नाही बाबा. मनात येईल तिकडं जायचं."

तुमचा चहा तसाच निवला. एकदा मी गंमत म्हणून या गेममधल्या माणसाला समुद्रात चालवत नेलं. पाणी छातीशी, गळ्याशी, डोक्यावर. तो मेला आणि क्षणात पुन्हा किनाऱ्यावर उभा राहिला. तुम्ही उठून बटन बंद केलंत. माझ्यावर आवाज चढवलात तो त्या एकदाच. "काहून वं असं करतं? कोणी अडवलं नाही म्हणून जायचं का?" त्या संध्याकाळी तुम्ही नीट जेवला नाहीत, आणि मला वाटलं, तो गेम तुम्ही आता घरात राहू देणार नाही.

तो तुम्ही ठेवलात. दिवाळीनंतरची एक दुपार आहे, मी वणीहून कॉलेजातून लवकर आलेय, आई शेजारी पापड लाटायला गेलीय आणि तुम्ही एकटे कॉम्प्युटरसमोर बसला आहात. दोन बोटांनी कळा दाबताय. पडद्यावर तो माणूस जंगलाच्या कडेला उभा आहे. पुढं नुसता काळोख. "कुठं चालले, बाबा?" तुम्ही दचकत नाही. मागंही पाहत नाही. "कुठंच नाही," म्हणता. "पाहून राह्यलो, किती दूर जाऊ देते." तुमचा तो आवाज मला नवा होता. सरदाराचा नव्हता, आईशी बोलतानाचाही नव्हता. उघड्या खिडकीतून लांबच्या सुरुंगाचा दणका आला, भांडी थरथरली, तरी तुम्ही हलला नाहीत.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गोफात गेलात आणि छत अंगावर आलं. आम्हाला सांगितलं गेलं की पाटी पडली होती, ती नीट करायला तुम्ही तारेपलीकडं गेलात. आई आजही आल्यागेल्याला हेच सांगते. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून गेलेला माणूस. गोष्ट पूर्ण होती. पुढचं दार उघडत होतं.

यंदा आम्ही कोळशाच्या गावाचा गेम करायला घेतला. कल्पना माझीच. त्यात एक सरदार आहे आणि खेळणारा त्याच्या अंगात शिरून खाणीत उतरतो. यावरून आमच्यात भांडण झालं. आमची प्रमुख म्हणाली, "तो तारेपलीकडं का जातो ते गोष्टीनं सांगायलाच हवं. कारण नसेल तर लोकांना त्याच्याशी काही देणंघेणं राहणार नाही." दुसरा म्हणाला, "काही सांगू नका, मोकळं सोडा, ज्याला जायचं तो जाईल." मी पाटीचं कारण लिहून दिलं. तरी खात्री करावी म्हणून गावी गेले तेव्हा वणीला, तुमच्यासोबत खाणीत पंप चालवणाऱ्या चाचांकडं गेले. आता त्यांना धाप लागते, पण त्यांनी ओळखलं. मी विचारलं, "पाटी कोणत्या बाजूची पडली होती, चाचा?"

त्यांनी अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाले, "पाटी नोती पडली, बेटा."

"मग कोणी हाक मारली होती?"

"कोणीच नोतं तिकडे. म्या सोता पाह्यलं. तार उचलली अन् वाकून गेले. म्या आवाज देल्ला, सरदार, कुठं? तं वळून पाह्यलं त्याईनं. हासून राह्यलते. लहान लेकरू हासते तसे. मंग पुढं गेले. पाटीचं म्या सांगतलं साऱ्याईले. तुह्या मायले काहीतरी तं सांगा लागत होतं."

पुण्याला आल्यावर पाटीचं कारण काढून गेम चाचणीसाठी एका बाईला खेळायला दिला. अनोळखी, चाळिशीची, शांत बाई. सरदार तारेपाशी पोचला. ना सूचना, ना हाक, ना वाट दाखवणारा बाण. दुसरीकडं खाणीत करण्यासारखं भरपूर होतं. तिनं ते काहीच केलं नाही. उभी राहिली, आणि मग वाकून आत गेली. तिकडं आम्ही अजून काही बनवलेलंच नव्हतं. नुसता काळोख आणि छत कुरकुरल्याचा आवाज. ती चालत राहिली. मी विचारलं, "का गेलात?" तिनं मान वर केली. "माहीत नाही. जाता येत होतं." आणि ती हसली. मी खोलीबाहेर गेले.

गेममध्ये मी पाटी परत ठेवलीय. मोकळं सोडा म्हणणारा माझ्याशी बोलत नाही. परवा फोनवर आईनं विचारलं, "तुह्या खेळातला सरदार कायले जाते तिकडे?" मी म्हटलं, "पाटी नीट करायले, आई." "हाव," ती म्हणाली, "तसेच होते ते." हे पत्र मी राजूरला नेणार नाही, तिच्या हाती पडू नये म्हणून. इथंही कुठं ठेवावं ते कळत नाही.

एक राहिलं. चाचांकडून निघाले ती सरळ घरी नाही गेले. राजूरला आपल्या कॉलनीच्या मागं जमीन खचलीय, तिथं तारेचं कुंपण घातलंय, खाली कोळसा जळतोय, फटींतून धूर येतो. मी तिथं गेले. तार एका जागी सैल होती, ती मी उचलून धरली होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. मला भीती वाटत नव्हती, बाबा. मग फोन वाजला. आईचा होता, येताना दही आण म्हणत होती. मी तार सोडली. ती उचलताना मी हसत होते की नाही, ते मला आठवत नाही.