बदाम तोडण्याच्या संमतीबाबत

जुफैर, बहरीन
९ डिसेंबर

आदरणीय ऑस्टिनदादा यांस,

धाकट्या अँब्रोजचा जय येशू. ब्रिजिटवहिनींनाही सांगा. आम्ही इथे खुशाल आहोत. तुमचे गुडघे कसे आहेत? (गरम पाण्यात मीठ घालून शेका. शर्ली इस्पितळात नोकरीला आहे म्हणून तिचा सल्ला तुम्हाला न विचारता पाठवतोय.) नव्या गाडीचा फोटो पाहिला, रंग छान आहे. ती अंगणात मावत नाही म्हणून विहिरीजवळचा बदाम तोडायचा आणि त्या अर्जाला दोघा भावांची सही हवी, हे समजलं. माझी काही हरकत नाही. झाड म्हातारं झालंय, पानांचा कचरा होतो, झाडून झाडून वहिनींची कंबर मोडते, आणि मी तर काही तिकडे राहायला येत नाही. वर्कशॉपमधला सुयोग शुक्रवारी वसईला निघालाय, त्याच्याबरोबर कागद पाठवतो. सही करायला पेन शोधत होतो, तेवढ्यात शर्लीने हातात फोन देऊन फोटो काढायला पिटाळलं.

त्याचं असं झालं की आमच्या मोठ्या रस्त्याला दुतर्फा बदाम आहेत. आपलेच, ताटाएवढ्या पानांचे. इथे त्यांना लोज म्हणतात. डिसेंबर लागला की पानं लाल होतात आणि सगळं जुफैर फोटो काढायला लोटतं. परदेशात राहतो तर नाताळच्या कार्डावर पानगळ दिसलीच पाहिजे, असा शर्लीचा हुकूम. (नाविक तळाच्या बाजूला कॅमेरा वळवू नका, नाहीतर नाताळ ठाण्यात होईल, हाही तिचाच.) म्हणून मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमधून सुटलो की मी थेट तिथे जायचो. ऊन तासभर टिकतं. पहिल्या दिवशी झाडूवाल्यांनी रस्ता आरशासारखा करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पडणारं पान टिपायला मान वर करून उभा राहिलो. दादा, ते पान फार सावकाश येतं. वळत, थांबत, जणू कुठे पडायचं ते अजून ठरलेलं नाही. एका पानाच्या नादात मी पाच पानं टिपायची विसरलो. अशी पानं गोळा करून आई न्हाणीचं पाणी तापवायची, आणि त्या पाण्याला धुराचा वास यायचा. तो वास मला भर रस्त्यात आला. मागून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, हे नंतर कळलं. फोटो एकही आला नाही.

तिसऱ्या दिवशी एका जुन्या घराच्या कुंपणातला बदाम सापडला, सगळ्यांत लाल. मी बुंधा, फांद्या, सगळं टिपायला लागलो. अंगात वर्कशॉपचं नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट. (काढायचं राहिलं.) दार उघडून एक म्हातारी बाई काठी घेऊन आल्या आणि झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "मफी कट! यल्ला, घर जाओ!" (मफी म्हणजे नाही, यल्ला म्हणजे चल.) मी झाडं तोडणाऱ्या खात्याचा माणूस, असा त्यांचा समज. मी म्हटलं, "अम्मा, नो कट. वल्ला, नो कट." देवाशपथ म्हटल्यावर त्यांनी पुरावा मागितला आणि फोनच काढून घेतला. पान, पान, पान पाहत गेल्या आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोवर थांबल्या. बुंध्यावर चुन्याची फुली मारलेला आपला बदाम.

"ये कट?"

"इंडिया," मी म्हटलं. "मेरा घर."

"कौन कट?"

(तुमचं नाव घेतलं नाही. 'बडा भाई' एवढंच म्हटलं.) त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, मयताच्या घरी ठेवतात तसा. दादा, मला रडू आलं. हेल्मेट घालून. बदामाच्या बिया फोडताना तुमचा अंगठा ठेचला होता, आणि तरी आतला गर तुम्ही मलाच दिला होता, ते आठवलं. नख अजून वाकडंच आहे ना? मग त्यांनी आत नेऊन चहा पाजला. त्यांचं नाव खदिजा. उन्हाळ्यात लोज खायला या म्हणाल्या. काल शर्लीला घेऊन गेलो आणि फोटो झाला एकदाचा.

असो. घरच्या सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा.

आपला,
अँब्रोज

ता. क. कार्डावर आमच्या दोघांच्या मध्ये खुर्चीत बसल्या आहेत त्या खदिजाअम्मा. नातेवाइकांना काय सांगायचं ते वहिनी ठरवतील.

आणखी एक. कागद सोबत आहे. सही राहिली. पेन सापडलं होतं.

आणि शेवटचं. रस्त्याकडची माझ्या वाट्याची खोली तुम्ही बारा वर्षं कुलूप लावून जपलीत. तिची भिंत पाडा आणि गाडी आत लावा. त्याचा कागद पाठवा, आला त्याच दिवशी सही करतो. आम्ही आलो की बदामाखाली खाट टाकू. वहिनींना म्हणावं, यंदा पानं पडली तर पडू द्या. मी येऊन झाडीन.