पकडीतलं चंदन

२३ ऑक्टोबर, आयुधपूजा

आज हत्याराला हात लावायचा नाही. फक्त चंदन लावायला! करुप्पय्या आजोबांनी, आमच्या बस बांधायच्या शेडच्या वॉचमननी, पत्रा कापायच्या प्लाझ्मा मशीनला झेंडूची माळ घातली. ठिणगी पाडायच्या टॉर्चला कुंकू, हवेच्या नळीला कुंकू. पत्र्याला लावायच्या अर्थिंगच्या पकडीच्या तर दातांत बोटानं चंदन भरलं. मी म्हटलं, "आजोबा, भरवताय काय तिला?" म्हणाले, "वर्षभर लोखंड चावते बिचारी. एक दिवस गोड खाऊ दे की!" सगळे हसले. हे नाही हसले. हल्ली हसतच नाहीत.

कोहळा फोडला, चुरमुरे-फुटाणे वाटले, घरी आलो.

२५ ऑक्टोबर

कालही टॉर्चचा त्रास, आजही तेच. शाळेच्या बसच्या खिडक्या कापायच्या आहेत. हे कापतात, मी समोरून पत्रा धरते, मग कडा घासते. लग्न झाल्यापासून हेच. पण टॉर्च नुसता फुरफुरतो. ठिणगी पेटते, पत्र्याला धरत नाही, विझते. कड वेडीवाकडी. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "वेलुसामी, ही खिडकी की उंदरानं कुरतडलेला डोसा? आणखी एक पत्रा वाया गेला तर मी दुसरा माणूस बघतो."

टॉर्चशिवाय ह्यांना दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही नकोच आहे.

जेवायच्या सुट्टीत मी पकड उघडली. दातांत चंदन वाळून कडक! लोखंडाला लोखंड टेकतच नव्हतं, वीज जाणार कुठून? तारेच्या ब्रशनं खरवडून काढलं. पुढची खिडकी लोण्यासारखी! ठिणग्या सगळ्या खाली. वर उडाल्या तर समजायचं, पत्रा नीट कापला जात नाहीय. हे ह्यांनीच शिकवलेलं.

आजोबांचा चेहरा एवढासा झाला. "देवाचं करायला गेलो ग पोरी."

एक मात्र मला आवडत नाही. काळी काच तोंडावर ओढायच्या आधीच हे ठिणगी पाडतात. कितीदा सांगितलं! "तुला काय कळतंय? नेम बघून पाडावी लागते."

२८ ऑक्टोबर

सरळ कापायची कामं. पट्टी लावून भराभर झाली. मालक काही बोलले नाहीत. सुटलो बाई!

३० ऑक्टोबर

आज खिडक्यांचे गोल कोपरे. पट्टी लावता येत नाही, रेघेवरून मोकळ्या हातानं जावं लागतं. दोन पत्रे वाया. मालक धावत आले. हे म्हणाले, "पकड बघा." बघितली — पुन्हा चंदन! ओलं!

मालकांनी आजोबांना नको नको ते सुनावलं. म्हातारा जमिनीला हात लावून शपथा घेत होता, "पूजेनंतर मी शिवलोसुद्धा नाही हो मशीनला!" कोण ऐकतो? "उद्यापासून येऊ नका."

हे खाली मान घालून उभे. आजोबा डबा घेऊन निघाले तेव्हा मला रडूच आलं.

३१ ऑक्टोबर

सकाळी कॉफी ओतून घेताना ह्यांनी पेल्याबाहेर ओतली. हात भाजला. पुसायला धरला, तर नखात पिवळं. वास घेतला. आमच्या देव्हाऱ्यातलं चंदन.

"अहो, हे तुमचं काम? त्या म्हाताऱ्याच्या पोटावर पाय दिलात? कशासाठी?"

ह्यांनी हात सोडवून घेतला. मग, "पूंगोडी, थोडे दिवस कुणाला सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो."

माझ्या पाया! ह्या माणसानं आजवर मालकापुढेही कधी हात जोडले नाहीत. काय शिजतंय डोक्यात? मालकावर सूड? का दुसरीकडे जायचंय? मला किळस आली ह्यांची. होय, लिहितेच, किळस आली. उद्याचा दिवस बघते. नाही बोलले तर मीच मालकांना सांगणार.

१ नोव्हेंबर

पकड मी स्वतः घासली, चकचकीत. रेघही मीच मारली. पांढऱ्या खडूनं, चांगली बोटभर जाड. म्हटलं, आता बघू कशाला नाव ठेवताय!

काप अगदी गुळगुळीत. ठिणग्या सगळ्या खाली. पण टॉर्च रेघ सोडून सरळ माझ्या हाताकडे यायला लागला. मी किंचाळून हात ओढला. हातमोज्याचा अंगठा जळाला, आतला वाचला.

ह्यांनी काच वर केली. पत्र्यावर हात फिरवून चाचपडत राहिले. मग इतक्या हळू, की फक्त मलाच ऐकू यावं —

"पूंगोडी, आज रेघ मारायची विसरलीस का ग?"